दहा मिनिटं मशीन बंद

छोट्या वर्कशॉपमध्ये मिटिंगचा विषय काढला की समोरून ठरलेलं उत्तर येतं. "आमी काय लांब बसलोय का वहिनी? दिवसभर समोरासमोरच असतोय की." सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय आणि त्यात खोटं काही नाही. चार सीएनसी, एक व्हीएमसी (ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), दोन जुनी लेथ आणि एक रेडियल ड्रिल, एवढ्या शेडमध्ये मालक ऑफिसात कमी आणि मशीनपाशी जास्त सापडतो. इन्सर्ट (टूलला लावायची धारदार पाती) संपले, कास्टिंगमध्ये (ओतीव तुकड्यात) ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी निघाली, टेम्पोत डिझेल नाही, पार्टीचा, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीचा फोन आला... सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडाला विश्रांती नसते. मग वेगळं बसून बोलायचं तरी काय?

मला वाटतं, किती बोललं जातं हे बघण्याआधी कोण कोणाशी बोलतंय ते बघायला हवं. ऑपरेटर मालकाशी बोलतो. क्वालिटीवाला पोरगा मालकाशी बोलतो. टेम्पोचा ड्रायव्हर, हिशेब बघणारी मुलगी, हेल्पर, सगळे मालकाशीच बोलतात. मालक धरून नऊ माणसांचं शॉप असेल, तर त्या नऊ जणांत जोड्या होतात ३६. मालक ज्यांत आहे अशा जोड्या फक्त ८. उरलेल्या २८ जोड्यांमध्ये कामाचं बोलणं जवळजवळ होतच नाही. चहा होतो, तंबाखू होते, मुलांच्या शाळेची चौकशी होते, पण "तुझ्याकडनं माझ्याकडं येणारा जॉब असा का येतोय" हे कोणी विचारत नाही. (जॉब म्हणजे मशीनवर घडणारा सुटा भाग.) बैलगाडीच्या चाकाला मधला तुंबा असावा, आरे असावेत आणि वरून सगळ्यांना आवळणारी लोखंडी धावच नसावी, तसं हे चाक चालतं. चालतं म्हणजे, तुंबा जाग्यावर असेपर्यंत चालतं. मालकाला दोन दिवस ताप आला की कळतं.

आमच्याच ओळीतल्या एका शॉपमध्ये घडलेली गोष्ट आहे. पार्टीनं ड्रॉइंग बदललं. २५ मिलिमीटरच्या बोअरला (भोकाला) आधी एच ७ होतं, म्हणजे वरच्या बाजूला २१ मायक्रॉनची मुभा. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) नव्या ड्रॉइंगमध्ये ते एच ६ झालं, म्हणजे १३ मायक्रॉन. नवं ड्रॉइंग मालकाच्या मोबाइलवर आलं. त्यानं लगेच क्वालिटीच्या पोराला सांगितलं, पोरानं पहिल्या शिफ्टच्या सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) सांगितलं, सेटरनं आपल्या मशीनचा ऑफसेट, म्हणजे मापाचं सेटिंग बदललं. दुसऱ्या शिफ्टला तोच जॉब शेजारच्या मशीनवर लागला. त्या मशीनच्या दरवाज्यावर जुनंच ड्रॉइंग चिकटवलेलं होतं. ऑपरेटरनं रात्रभर जॉब काढले, दर थोड्या वेळानं गो-नो गो गेज (माप मुभेत बसतंय की नाही एवढंच दाखवणारं) लावून बघितले आणि जुन्या गेजमध्ये सगळे पास झाले. सकाळी नव्या गेजनं मोजल्यावर जवळजवळ निम्मे बाद. बोअर लहान राहिला तर परत घेता येतो. मोठा झाला तर त्याला इलाज नाही.

या गोष्टीत कोणाला दोष द्यावा? प्रत्येकानं आपलं काम केलं होतं आणि ज्याला सांगायचं त्याला सांगितलंही होतं. आणि त्या शॉपमधल्या हेल्परनं आदल्या दिवशी कुरिअरच्या खोक्यातून नवं गेज स्वतःच्या हातानं काढून कपाटात ठेवलं होतं. गेज नवं आलंय म्हणजे काहीतरी बदललंय, एवढं त्याला कळत होतं. पण त्यानं ते बोलावं अशी जागाच नव्हती. मालकाला थांबवून "नवं गेज कशाला आलंय?" असं विचारणारा हेल्पर मी तरी बघितलेला नाही. सकाळी सगळे पाच मिनिटं एकत्र उभे असते तर त्याच्या तोंडून ते सहज निघालं असतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की छोट्या धंद्यातली मिटिंग मालकाला सांगता यावं म्हणून नसतेच. मालक दिवसभर सांगतच असतो. ती असते कामगारांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून.

आणि ऐकू येण्याचा प्रश्न शॉपमध्ये अगदी शब्दशः असतो. मशीन चालू असताना कॉम्प्रेसर, स्पिंडल, कूलंटचा पंप, शेजारच्या ग्राइंडरची किंचाळी, यांत माणूस कानाशी येऊन ओरडतो तेव्हा चार शब्द पोचतात. ओरडून सांगायचं म्हटलं की माणूस फक्त हुकूम देतो. शंका ओरडून विचारता येत नाही. "मला असं वाटतंय की..." अशी सुरुवात त्या आवाजात कोणी करत नाही. कुपवाडात लाइट गेली की काय होतं, ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. सगळे शेडबाहेर येतात, कट्ट्यावर टेकतात, आणि आठवडाभर न बोललेलं त्या वीस मिनिटांत बाहेर पडतं. चकचा जॉ सैल होतोय, परवाच्या लॉटमधली कास्टिंग कडक होती, पॅकिंगला पुठ्ठा पातळ आलाय. मशीन गप्प झालं की माणसाला कंठ फुटतो. ही सोय आपण वीज मंडळाच्या मर्जीवर का सोडायची, असं मला नेहमी वाटत आलंय.

मशीन बंद करायचं म्हटलं की मालक लोकांच्या पोटात गोळा येतो. आमच्या घरातही हा वाद झाला. स्पिंडल फिरतोय तोवर पैसा, थांबला की तोटा, हा हिशेब आमच्या मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हाडात भिनलेला आहे आणि कर्जावर मशीन घेतलेल्या माणसाच्या हाडात तो भिनायलाच हवा. आठ माणसं तासभर बसली तर आठ तास गेले, हेही खरं. म्हणूनच रोजची मिटिंग तासाची नकोच. दहा मिनिटं, शिफ्ट सुरू होताना, उभ्यानं, बोर्डापाशी, कॉम्प्रेसरसकट सगळं बंद. बसायला खुर्च्या दिल्या की चहा येतो, चहा आला की गप्पा येतात. आठवड्यातून एकदा मात्र बसून, पाऊण तास, आणि ती पगाराच्या दिवशी नको. त्या दिवशी कोणाचं चित्त ठिकाणावर नसतं.

कायद्याचं म्हणाल तर आमच्यासारख्यांवर मिटिंगची काही सक्ती नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला संचालक मंडळाच्या वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात, दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, इतिवृत्त ३० दिवसांत लिहून ठेवावं लागतं. छोट्या कंपनीला त्यात सूट आहे, सहामाहीत एक तरी घ्या म्हणतात. प्रोप्रायटरशिपला आणि भागीदारीला यातलं काहीच नाही. कुपवाडातली बहुतेक छोटी शॉप्स या शेवटच्या दोन प्रकारांतलीच. आपली आपल्याला गरज वाटली तरच मिटिंग होणार.

गरज वाटत नाही याचं आणखी एक कारण मला दिसतं, आणि ते जरा खोलवरचं आहे. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सभा कमी बघायला मिळालेल्या नाहीत. उलट, सांगली-साताऱ्याइतक्या सभा महाराष्ट्रात क्वचितच कुठे होत असतील. साखर कारखाना, दूध संघ, सोसायटी, पतसंस्था, सूतगिरणी, प्रत्येकाची वार्षिक सभा. शिवाय ग्रामसभा, गणेश मंडळाची बैठक, यात्रा कमिटी. सप्टेंबर महिन्यात तर घरटी एक अहवाल येऊन पडलेला असतो, कारण ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. आणि त्या सभेत काय होतं तेही सगळ्यांनी बघितलंय. विषय वाचला जातो, मागच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो आणि पुढचा विषय येतो. प्रश्न विचारायला उठलेल्या सभासदाचा माईक बंद पडतो. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. अनेकदा तेवढीही माणसं येत नाहीत.

आमच्या शॉपमध्ये बामणोलीहून, कवठेमहांकाळकडून, सांगलीवाडीहून येणारी माणसं हाच अनुभव गाठीला बांधून येतात. मिटिंग म्हणजे आधी ठरलेलं असतं, आपण मान हलवायची असते, आणि कोणी उलट बोललं तर ते लक्षात ठेवलं जातं. मालकानं सकाळी सगळ्यांना गोळा करून "बोला, मोकळेपणानं बोला" म्हटलं म्हणून ती गाठ सुटत नाही. कोणी बोलत नाही. मग मालक म्हणतो, बघा, यांना काही सांगायचंच नसतं. मला हा निष्कर्ष फार अन्यायाचा वाटतो. ज्यांनी जन्मभर "मंजूर" म्हणायचं शिकलंय, त्यांनी एका सकाळी वेगळं का वागावं?

बोलतं कसं करायचं याचं मला सापडलेलं उत्तर साधं आहे. सुरुवात मालकानं करायची नाही. ऑपरेटरनंही नाही. सुरुवात ज्याचा पगार सगळ्यांत कमी आहे त्याच्यापासून. आमच्याकडे डीबरिंगला आणि पॅकिंगला बायका आहेत. जॉबच्या कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूची बोचरी कड, कानशीनं काढायची, पुसायचा, तेल लावायचं, पिशवीत घालायचा. शॉपमधलं हे शेवटचं आणि सगळ्यांत हलकं समजलं जाणारं काम. पहिले काही दिवस त्या पदर सावरून मागे उभ्या राहायच्या. "आमाला काय कळतंय त्यातलं?" हेच उत्तर. मी प्रश्न बदलला. काही अडचण आहे का, असं न विचारता, काल कुठल्या मशीनच्या जॉबला जास्त घासावं लागलं, असं विचारलं. त्यातली सगळ्यांत थोरली, तिला सगळे मावशी म्हणतात, पटकन म्हणाली, "दोन नंबरच्या. दुपारच्यापास्नं लई बर यायलीय. बोटं कापायलीत."

हे वाक्य ऐकून दोन नंबरच्या ऑपरेटरनं वर बघितलं. टूलची धार गेली की बर वाढते, हे कुठल्याही मशिनिस्टला माहीत असतं. माप अजून टॉलरन्समध्ये (दिलेल्या मुभेत) होतं, म्हणून क्वालिटीला काही दिसलं नव्हतं. पण इन्सर्ट मरायला लागलाय हे मावशींच्या बोटांना आदल्या दिवशी दुपारीच कळलं होतं. ती बातमी मशीनपासून पंधरा पावलांवर होती आणि तिला पोचायला रात्र लागली. तेव्हापासून मावशी स्वतः बोलतात. आता तर मिटिंगची वाटही बघत नाहीत, जॉब हातात घेऊन थेट मशीनपाशी जाऊन उभ्या राहतात. मला त्याचा केवढा आनंद होतो, ते सांगता येणार नाही. त्या २८ जोड्यांपैकी एक जोडी जुळली.

मालकानं शेवटी बोलायचं, हे पाळणं फार अवघड आहे. मालकाला उत्तर माहीत असतं, किंवा माहीत आहे असं वाटत असतं, आणि घड्याळ समोर असतं. पण मालकानं आधी मत दिलं की मिटिंग तिथंच संपते, पुढची मिनिटं नुसती मान हलवण्यात जातात. आमच्याकडे लेथवर एक मामा आहेत, वयानं सगळ्यांत मोठे. तेही बोलले की बाकीचे गप्प होतात. म्हणून मामांना मी सांगून ठेवलंय की तुमचा नंबर मालकांच्या आधीचा. "म्हंजे उपांत्य की," म्हणाले आणि खुशीनं थांबतात. त्यांचा मान राहतो आणि पोरांचं बोलणंही होतं.

रोजच्या मिटिंगची सुरुवात कशानं करावी, हे मला सांगलीच्या पुरानं शिकवलं.

ऑगस्ट २०१९. कुपवाड उंचावर असल्यानं आमच्या शेडमध्ये पाणी आलं नाही, पण आमच्या माणसांच्या घरांत आलं. सांगलीवाडी, हरिपूर, गावभाग, स्टेशन चौकापर्यंतचा भाग, कुठे ना कुठे प्रत्येकाचं कोणीतरी होतं. त्या दिवसांत सकाळी गेटपाशी जेवढी माणसं पोचू शकली तेवढी जमायची आणि कोणीही नमस्कार-चमत्कार न करता पहिला प्रश्न एकच विचारायची: "आयर्विनला किती?" सांगलीतला कुठलाही माणूस हा प्रश्न विचारतो. १९२९ साली बांधलेला हा पूल, त्याच्यापाशी पाण्याची उंची फुटांत मोजली जाते. ४० फूट झाली की इशारा, ४५ झाली की धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दुसरा प्रश्न, "कोयनेतनं किती सोडलंय?" या दोन आकड्यांवर पुढचं सगळं ठरायचं. कोणाला घरी सोडायचं, कोणाचं सामान कुठे हलवायचं, टेम्पो कोणत्या रस्त्यानं जाईल, तयार माल आज निघेल की थांबेल. इतकं नेमकं, इतकं भराभर आणि इतकं एकमेकांना धरून आमची माणसं त्याआधी कधी बोलली नव्हती. संकट होतं म्हणून, हे तर खरंच. पण मला वाटतं त्यात त्या आकड्याचाही वाटा होता. आयर्विनचा आकडा सगळ्यांचा होता. तो मालकानं सांगायचा आणि बाकीच्यांनी मानायचा, असं नव्हतं. ज्याला शंका असेल त्यानं जाऊन बघावं.

शॉपच्या बोर्डावर असाच आकडा हवा. आमच्या बोर्डावर तीनच गोष्टी असतात: काल किती जॉब गेले, किती बाद झाले, आज संध्याकाळपर्यंत कुठल्या पार्टीचं काय निघायचं आहे. आणि हे आकडे ऑपरेटर स्वतः लिहितो, बाद झालेले जॉब लाल ट्रेमध्ये बोर्डाखालीच ठेवलेले असतात, कोणीही मोजावेत. कॉम्प्युटरमधून छापून आणलेला तक्ता कितीही देखणा असला तरी तो ऑफिसचा आकडा असतो. त्यावर वाद होतात, किंवा वादही होत नाहीत, हे जास्त वाईट. स्वतःच्या हातानं लिहिलेल्या आकड्यापासून बोलणं सुरू झालं की "असं कसं झालं" याचं उत्तर शोधायला माणूस आपोआप पुढे येतो.

एक आकडा मात्र बहुतेक मालक बोर्डावर कधीच लिहीत नाहीत. पार्टीकडे किती पैसे अडकलेत, हा. घरची गोष्ट चावडीवर न्यायची नाही, ही आपली शिकवण. पण कामगारांना काही कळत नाही, असं थोडंच असतं? पगार चार दिवस पुढे गेला की ते अंदाज बांधतात आणि तो खऱ्यापेक्षा वाईट असतो. आठवड्याच्या मिटिंगमध्ये मी थकलेल्या बिलांची यादी वाचायला सुरुवात केली तेव्हा घरात कुरकुर झाली. मला मात्र ती यादी वाचण्यासारखं दुसरं उपयोगाचं काम नाही असं वाटतं, आणि त्याचं कारण आमचा टेम्पोचा ड्रायव्हर आहे.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना संरक्षण देणारा कायदा २००६ चा. लेखी करार असेल तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. आता आयकरातही तरतूद आली आहे. मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. कागदावर सगळं आमच्या बाजूचं. पण ज्या पार्टीवर निम्मं शॉप चालतं तिला कायद्याचं कलम दाखवण्याची छाती कोणाची होते? एका पार्टीची बिलं सतत आठ-दहा दिवस उशिरा यायची. फोन केला की अकाउंट्सवाले सांगायचे, आमच्याकडे तुमचा माल अमुक तारखेला आलाय, त्यापासून दिवस मोजा. आमच्या चलनावरची, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या कागदावरची तारीख वेगळी असायची. यादी वाचताना हे बोलले तर ड्रायव्हर मागून म्हणाला, "वहिनी, तितं चार वाजल्यानंतर गाडी आत घेत्यात, माल उतरवून घेत्यात, पण एंट्री दुसऱ्या दिवशी करत्यात. शनवारी गेलं की मग सोमवारीच. सकाळी गेलं तर लगेच जीआरएन देत्यात."

त्याला हे कित्येक महिन्यांपासून माहीत होतं. तो तिथल्या वॉचमनबरोबर डबा खातो. आम्हाला कलम माहीत होतं, त्याला गेट माहीत होतं. त्या पार्टीचा माल आता आम्ही सकाळच्या फेरीला काढतो आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, हातात घेतल्याशिवाय ड्रायव्हर परत येत नाही. सगळी उशिराची बिलं यानं वेळेवर आली नाहीत, पण तारखेचा वाद संपला. आणि ड्रायव्हर आता थकबाकीची यादी स्वतःच्या घरची असल्यासारखी ऐकतो.

काही गोष्टी मिटिंगमध्ये आणायच्याच नाहीत. उचल मागणं, पगारवाढ, कोणाच्या घरचं भांडण, कोणाचं पिणं, हे ज्याचं त्याच्याशी, दार लावून. आणि झापणं तर अजिबात नाही. चार माणसांत एकाला झापलं की तो तर गप्प होतोच, पण बाकीचे सातही आपली वाईट बातमी खिशात घालतात. जॉब बाद झाला हे सांगणाऱ्याला पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच ऐकू आलं पाहिजे. हे मी नवऱ्याला घरी जेवताना सांगत असते, अजूनही.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहेच की, मग हे कशाला, असंही लोक विचारतात. ग्रुप आमचाही आहे. पण मशीनवर मोबाइल चालत नाही, तो लॉकरमध्ये असतो, आणि ग्रुपवर सुविचार, वाढदिवस आणि ड्रॉइंग एकाच रांगेत येतात. शिवाय मावशी ग्रुपवर लिहिणार नाहीत. एवढं पुरे.

वही मात्र हवी. फुलस्केप वही, तीन रकाने: काय, कोण, कधी. "बघूया", "करून घेऊ" असं वहीत लिहायचं नाही; नाव आणि वार लागतो. आठवड्याची मिटिंग सुरू करताना आधी मागचं पान वाचायचं, प्रत्येक ओळीपुढे झालं, नाही झालं किंवा अडलं. नवीन विषय त्यानंतर. मागचं पान न वाचता नवीन विषय घेतले की महिनाभरात सगळ्यांना कळून चुकतं की इथे बोललेलं हवेत जातं, आणि मग पुन्हा "मंजूर, मंजूर". वही लिहायचं काम आळीपाळीनं द्यावं. आमच्याकडचा एक हेल्पर, दहावीनंतर शाळा सुटलेला, त्याचं अक्षर सुरेख आहे हे आम्हाला वहीमुळे कळलं. आणि "अडलं" या ओळी नीट बघितल्या तर निम्म्या ठिकाणी अडवणारा मालकच निघतो: कोटेशन मंजूर करायचं राहिलं, गेज मागवायचं राहिलं, फाउंड्रीला फोन राहिला. मालकाचं नावही वहीत इतरांसारखंच लिहिलं जातं आणि त्याचंही "नाही झालं" मोठ्यानं वाचलं जातं, हे कामगार बघतात. मिटिंग खरी आहे की नाही हे त्यांना त्यावरून कळतं, माझ्या भाषणावरून नाही.

वर्षातून एकदा मोठं बसणंही लागतं. माझं माहेर तासगावकडचं, बेदाण्याचं. दिवाळीच्या सुमारास तासगाव आणि सांगलीच्या बाजारात बेदाण्याचे सौदे महिनाभर बंद ठेवतात, ते शून्य पेमेंटसाठी. वर्षभराची अडते-व्यापाऱ्यांची देणी-घेणी मिटवून खाती शून्यावर आणायची आणि मगच नवे सौदे. एवढी मोठी उलाढाल असलेला बाजार महिनाभर थांबू शकतो, हे मी लहानपणापासून बघितलंय. आमच्या शॉपला तसा दिवस आयता मिळतो, खंडेनवमी. त्या दिवशी मशीन बंदच असतात. सगळे मिळून चिप्स काढतात, कूलंटची टाकी धुतात, बेड पुसून तेल लावतात, झेंडूचे हार घालतात. पूजा झाली, पेढे वाटून झाले की आम्ही वही काढतो आणि वर्षभरात "अडलं" म्हणून राहिलेली प्रत्येक ओळ वाचतो. ती करायची तर कोणी आणि कधी ते लिहायचं. करायची नसेल तर का नाही ते सांगून सगळ्यांसमोर काट मारायची. गेल्या खंडेनवमीला डीबरिंगच्या टेबलाची उंची वाढवायची ओळ निघाली. मावशींनी ती कधीची सांगितलेली. मामांनी तिथल्या तिथे लोखंडी पाय मोजून घेतले.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, दुसऱ्या शिफ्टचा. संध्याकाळी येणाऱ्या तिघांना सकाळचं बोलणं मिळत नाही, आणि जुन्या ड्रॉइंगची ती गोष्ट घडली ती दुसऱ्या शिफ्टलाच. शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टची माणसं एकत्र असतात ती जेमतेम काही मिनिटं, त्यातही एकाला घरची घाई आणि दुसऱ्याला मशीन ताब्यात घ्यायची. मिटिंगच शिफ्ट बदलताना घ्यावी असं मामांचं मत, पण मग पॅकिंगच्या बायकांची शेवटची बस चुकते. सध्या वही संध्याकाळी बोर्डापाशी उघडी ठेवतो आणि डाव्या पानावर रात्रपाळीनं लिहायचं असं ठरवलंय. दोघं लिहितात. तिसरा लिहीत नाही, पण सकाळी निघायच्या आधी मावशींची वाट बघत थांबतो आणि त्यांना सांगून जातो. मावशींनी परवा विचारलं की त्याचं मी सांगितलं तर चालंल का. चालेल, म्हटलं, फक्त वहीत नाव त्याचं लावा.